आबा, सुपर कॉनी आणि लॉकवायर : जुन्या विमानांच्या गप्पा

लोहगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज लिहायला बसलो कारण विषय डोक्यातून जात नाहीये. आमचे आबा, म्हणजे वडील, वय ८१, हवाईदलात इंजिन फिटर होते. १९६६ पासून नऊ वर्षं लोहगावला ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन विमानावर, लाडाने सुपर कॉनी. चार इंजिनं, तीन शेपट्या, माशासारखं वळणदार अंग, ज्यांनी फोटो पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली, मग ही पंख्याची विमानं हवाईदलाला मिळाली आणि समुद्रावर टेहळणीसाठी पुण्याहून उडायला लागली. लहानपणी मला कळायचं नाही की पुण्यात समुद्र नाही तर विमान इथून कशाला, तर आबा म्हणायचे अरे वीस मिनिटांत खाली पाणीच पाणी.

गेल्या दीड वर्षात आबांचं विसरणं वाढलंय. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, मला कधीकधी त्यांच्या जुन्या सार्जंटच्या नावाने हाक मारतात. पण एका इंजिनाला अठरा सिलिंडर, सिलिंडरला दोन प्लग, चार इंजिनांचे मिळून १४४ प्लग हा हिशोब झोपेतून उठवून विचारला तरी चुकत नाही.

आणि लॉकवायर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, विमानाचा बोल्ट थरथरीने सैल होऊ नये म्हणून त्याच्या भोकातून बारीक स्टीलची तार ओवायची, पीळ घालायचा आणि शेजारच्या बोल्टला बांधून टाकायची, आणि तारेचा ओढ कायम बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने पाहिजे. आमच्या घरात टाकीच्या झाकणाला, बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला, देवघराच्या बिजागरीला, जिथे म्हणून नट आहे तिथे आबांची लॉकवायर आहे. आईने आयुष्यभर कटकट केली, आता आई नाही पण तारा आहेत. परवा सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली तर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले बेअरिंग गेलंय, वॉचमनने मान डोलावून सोडून दिलं, चौथ्या दिवशी मोटर जाम.

तर मुद्दा. गोव्याला नौदलाच्या विमान संग्रहालयात एक सुपर कॉनी उभी आहे. आबांना तिथे घेऊन जायचं ठरवतोय. कोणी जाऊन आलंय का? ८१ वर्षांच्या माणसाला झेपेल का? आणि दुसरं, तुमच्याही घरात कोणी अशा जुन्या विमानांवर काम केलेलं असेल, नुसता आवाज ऐकलेला असेल, तरी इथे लिहा. आमच्याकडे रोज एखादी गोष्ट पुसली जातेय हो, म्हणून घाई.

वास्कोचा_बाबल

लोहगावकर, बिनधास्त या. मी दाबोळीलाच राहतो, बोगमाळो बीचच्या रस्त्यावर आहे ते. वास्को स्टेशनवरून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. सोमवारी बंद असतं तेवढं बघा, सोमवारी येऊन गेटवरून परत गेलेले पाहुणे माझ्याच घरी चहाला आलेत. विमानं बाहेर उघड्यावर आहेत, सावली कमी, त्यामुळे डिसेंबरात आणि सकाळी उघडल्या उघडल्या या, टोपी-पाणी घ्या. जमीन सपाट आहे, आबांना चालायला त्रास नाही होणार. सुपर कॉनी बाहेर एकदम दिमाखात आहे, सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, आणि १९५३ साली नौदलाने घेतलेलं पहिलं विमान सीलँड, जे पाण्यावरही उतरायचं आणि जमिनीवरही, ते पण आहे. तुम्ही कधी येताय ते कळवा, स्टेशनवर येतो.

सोनेगाव_नागपूर

लोहगावकरभाऊ, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली म्हणून लिहून राहिलो. आमचे आजोबा पोस्टात होते, सॉर्टिंगला. नागपूरच्या बाहेरच्या लोकांना हे फारसं माहीत नसते, पण १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानडाक सुरू झाली ना, तिचं केंद्र आमचं सोनेगाव. का, तर नकाशा उघडून बघा, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही कोपरे आणि मध्ये नागपूर. रात्री चारही शहरांतून एकेक डकोटा (डीसी-३ हे दोन इंजिनांचं विमान) निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही विमानं सोनेगावला जमायची. मग डाकेच्या पिशव्यांची अदलाबदल. मुंबईच्या विमानातून दिल्लीची पिशवी दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची मद्रासच्या, असं सगळं उरकलं की चारही विमानं आपापल्या गावी परत, आणि सकाळी पत्र पोस्टमनच्या हातात. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात, त्या काळात, विचार करा.

आजोबा सांगायचे की थंडीत रात्री धावपट्टीच्या कडेला शेकोटी करून बसत आणि कान पूर्वेकडे. कलकत्त्याचं विमान बहुतेक वेळा शेवटी यायचं म्हणे. आधी गुणगुण, मग दोन्ही इंजिनांचा तो घुमणारा आवाज, मग उतरायचा दिवा. उतरलं की कोणी बोलायचं नाही, सगळे पिशव्यांकडे धावायचे, कारण एक विमान उशिरा आलं की उरलेल्या तिघांचा खोळंबा. आजोबांच्या उजव्या खांद्याला शेवटपर्यंत घट्टा होता, पिशव्या वाहून वाहून, सॉर्टरचं काम ते नव्हतं पण हात कमी पडले की सगळेच उचलत. आजी म्हणायची सवत परवडली पण डकोटा नको, बारा वर्षं माणूस रात्री घरी नाही.

ही सेवा १९७३ मध्ये बंद झाली. मी तेव्हा जन्मलोच नव्हतो. पण आमच्या घरात अजूनही उशिरा येणाऱ्या माणसाला ‘कलकत्ता आलं का’ असं म्हणतात. माझी पोरगी म्हणते, तिला ठाऊकही नाही का म्हणते ते. तुमच्या धाग्यामुळे काल जेवताना सांगितलं तिला सगळं, दहावीचं वर्ष आहे पण पुस्तक मिटवून ऐकत बसली बाप्पा.

बहात्तरावा_भाग

सोनेगाव, सलाम. वाचनखूण साठवली.

मी साताऱ्याचा, एकास बहात्तर मापाची प्लॅस्टिकची मॉडेलं करतो, विमानात बसलोय फक्त दोनदा पण टेबलावर एकोणतीस विमानं आहेत. तुमच्यामुळे आता डकोटा करायला घेणार. तुमच्या आजोबांनी कधी सांगितलं असेल तर विमानांचा रंग, पट्टे, काहीही, लिहा प्लीज.

डकोटाबद्दल एक भर घालतो. डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला, राईट बंधूंच्या उड्डाणाला त्याच दिवशी बत्तीस वर्षं झाली होती. आपल्याकडे ते पोचलं महायुद्धामुळे, युद्ध संपल्यावर पडून असलेली स्वस्तात मिळाली आणि इतक्या कंपन्या निघाल्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख पलटणीचे जवान घेऊन पहिलं उतरलं ते डकोटाच, नंबर व्हीपी ९०५. तोच नंबर घातलेलं दुरुस्त केलेलं डकोटा २०१८ मध्ये इंग्लंडहून उडत भारतात आलं, हवाईदलाच्या व्हिंटेज ताफ्यात आहे, नाव परशुराम. ते जामनगरला उतरलं त्या दिवशी मी ऑफिसातून हाफ डे टाकून घरी व्हिडिओ बघत होतो, बायकोला वाटलं ताप आलाय.

सोनेगाव_नागपूर

रंग विचारतो मोठ्या काकांना, ते पण जायचे आजोबांचा डबा घेऊन.

केंब्रिजची_सई

काय सुंदर धागा! मी मूळची डोंबिवलीची, आता इंग्लंडात डक्सफर्डच्या विमान संग्रहालयापासून वीस मिनिटांवर राहते, त्यामुळे रविवारी कपडे वाळत घालताना डोक्यावरून टायगर मॉथ जातं हे आता रोजचंच झालंय, पण दर वेळी चिमटा हातात धरून वर बघतेच.

चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने टायगर मॉथची फेरी भेट दिली. १९३१ चं डिझाइन, लाकूड आणि कापड, पुढच्या खड्ड्यात पाहुणा आणि मागे पायलट. आपल्याकडच्या पहिल्या वैमानिकांच्या पिढ्याच्या पिढ्या याच्यावर शिकल्या. ब्रेक नाहीत, त्यामुळे जमिनीवर वळताना एक माणूस पंखाचं टोक धरून चालतो, बैलगाडी वळवताना धरतात ना अगदी तसं. पेट्रोलची टाकी डोक्यावर, वरच्या पंखाच्या मध्यभागी, आणि पेट्रोल किती उरलं ते टाकीवरच्या काचेच्या नळीतल्या तरंगणाऱ्या गोळीवरून बघायचं. सुरू करायला एक आजोबा पुढे उभे राहिले, पंख्याला हात घातला, पायलटकडे बघून ओरडले ‘कॉन्टॅक्ट’, मागून तसंच उत्तर आलं, आणि एका झटक्यात चार सिलिंडर खडखडायला लागले. वर गेल्यावर इतकी थंडी की डोळ्यांतून पाणी, पण खाली शेतं, मेंढ्या, कोणाच्या तरी अंगणातला झोपाळा, सगळं इतकं हळू सरकतं की ओळख करून घेता येते. मला एकदम आजीची आठवण आली, का ते माहीत नाही, ती कधी विमानात बसली नव्हती म्हणून असेल.

उतरल्यावर त्या सुरू करणाऱ्या आजोबांशी बोलले. रोज येतात, पगार नाही, डबा घरचा, विमान पुसतात, तेल बदलतात, कापड फाटलं तर शिवतात. वय ७८. लोहगावकर, तुमच्या आबांसारखे हात. नखांच्या कडेला काळं, कितीही धुतलं तरी न जाणारं.

ओझरवाला

मी मिग-२१ वाला, नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात चौतीस वर्षं. इथे सगळे पंख्याच्या विमानांवर बोलताहेत म्हणून लिहू की नको करत होतो, पण २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली, म्हणजे आता तीही जुन्यातच आली ना?

त्या दिवशी टीव्हीवर बघताना आम्ही जुने सात-आठ जण एकाच्या घरी जमलो होतो. कार्यक्रम संपल्यावर पोहे आले, कोणी हात लावेना. ज्या विमानांचे पत्रे आपण रिव्हेट केले (म्हणजे धातूच्या खिळ्या ठोकून जोडले), ज्यांच्या पोटात आडवं पडून पाइप जोडले, त्यातलं एकही आता उडणार नाही. बाहेरचे लोक अपघातांबद्दल बोलतात, बोलू देत, अपघात झाले, माणसं गेली, ते दुःख आम्हालाही आहे आणि जास्त आहे. पण साठ वर्षं हे विमान पहारा देत होतं हेही लिहून ठेवलं पाहिजे.

रिव्हेट मारताना एक जण बाहेरून गन धरतो आणि आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. पत्र्यावर टकटक करून बोलायचं, एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे परत मार. माझा जोडीदार गेल्या वर्षी गेला. दवाखान्यात बोलता येत नव्हतं त्याला, मी कॉटच्या दांडीवर एकदा टकटक केलं, त्याने बोटाने उत्तर दिलं.

लोहगावकर (धागाकर्ता)

ओझरवाला काका, तुमची पोस्ट आबांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी टेबलावर एकदा टकटक केलं, एवढंच.

मिग तर येणारच यात. ज्याच्यावर माणसांनी आयुष्य घालवलं आणि जे आता उडत नाही, ते सगळं इथे चालेल, तुम्ही लिहीत राहा.

बहात्तरावा_भाग

१४४ प्लगवरून आठवलं, सगळ्यांना माहीत असेल तरी सांगतोच, मला फार आवडते ही गोष्ट. १९३० मध्ये आगाखानांनी बक्षीस लावलं होतं, इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने उडत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी टाटा कराचीहून निघाले आणि ॲस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले, ॲस्पींचे प्लग खराब झालेले, अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले. बक्षीस ॲस्पींनी जिंकलं! पुढे ते हवाईदल प्रमुख झाले. आणि जेआरडींनी दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, कराचीहून डाक घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला पस मॉथ हे छोटं विमान उतरवलं, तिथून पुढे मद्रासपर्यंत ते नेव्हिल व्हिन्सेंटनी नेलं. म्हणजे सोनेगावच्या पिशव्यांची सुरुवात तिथून म्हणायची.

कोल्हापूरची_माई

मी विमानांतली नाही, निवृत्त शिक्षिका आहे, नातवामुळे इथे आले. कोल्हापूरकडची म्हणून एक नाव घालते, डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेनला विमानशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान तयार केलं, १९५१ मध्ये उडालं. आपल्याकडे आपणच आखून मोठ्या संख्येने बांधलेलं ते पहिलं. तो कारखाना मुळात काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, १९४० मध्ये. वर्गात मी मुलांना हे सांगायचे तेव्हा मुलं विचारायची, बाई, पुस्तकात का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे वहीत उतरवून घ्या.

आणि कॉनीचा विषय आहे म्हणून, काश्मीर प्रिन्सेसचे कॅप्टन जटार आणि इंजिनियर कर्णिक यांची आठवण कोणी काढली नाही अजून?

लोहगावकर (धागाकर्ता)

माई, बरं झालं लिहिलंत. तरुण मंडळींसाठी, काश्मीर प्रिन्सेस हे एअर इंडियाचं कॉन्स्टेलेशन, सुपरच्या आधीचं. ११ एप्रिल १९५५, हाँगकाँगहून इंडोनेशियातल्या बांडुंग परिषदेला चिनी शिष्टमंडळ घेऊन निघालं होतं, कोणीतरी आत बॉम्ब ठेवलेला. हवेत स्फोट, पंखाला आग, तरी कॅप्टन जटारांनी विमान समुद्रापर्यंत आणलं. १६ जण गेले, जटारही गेले. तिघे वाचले, त्यात अनंत कर्णिक. आबा हे नाव घेताना अजूनही हात जोडतात, कारण कर्णिक पायलट नव्हते, मेंटेनन्सवाले होते, आपल्यातले, असं त्यांचं म्हणणं.

आज आबांची सकाळ चांगली होती, फोन समोर ठेवून रेकॉर्ड केलं. लिबरेटरबद्दल बोलले. ती बॉम्बर विमानं युद्धानंतर कानपूरला पडून होती, जाणाऱ्या गोऱ्यांनी मुद्दाम मोडतोड करून ठेवलेली, कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून. आपल्या लोकांनी त्यातलीच चाळीसएक तात्पुरती उडण्यासारखी केली आणि जमशेद मुन्शी नावाच्या पायलटने एकेक करून ती बंगळूरला नेली, तिथे नीट दुरुस्ती. १९६८ पर्यंत उडत होती, शेवटची आबांच्याच स्क्वाड्रनमध्ये. नंतर त्यातली काही अमेरिका-इंग्लंडच्या संग्रहालयांना दिली, म्हणजे ज्यांनी मोडली त्यांच्याकडे धडधाकट होऊन परत गेली. आबा म्हणाले, “भंगार असं काही नसतं. वेळ नसतो.” मग म्हणाले चहा टाक.

तिकिटं काढलीत, गोवा एक्स्प्रेस, डिसेंबरचा दुसरा आठवडा, दोन्ही लोअर बर्थ मिळाले. काळजी एकच, आबा नव्या जागी रात्री उठतात आणि घर शोधतात.

केंब्रिजची_सई

माझ्या सासऱ्यांना होतं असं. रोजची चादर आणि उशीचा अभ्रा घरूनच न्या, आणि त्यांच्या सवयीची एखादी वस्तू उशाशी. आमच्याकडे सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर होता.

सोनेगाव_नागपूर

लॉकवायरचं बंडल न्या भाऊ.

वास्कोचा_बाबल

हॉटेल कशाला, आमच्याकडे खाली एक खोली रिकामी आहे, पायऱ्या नाहीत, बाथरूम लागून. आईला विचारलं, ती म्हणाली पेज आणि सोलकढी चालेल ना त्यांना एवढंच विचार.

बहात्तरावा_भाग

मधल्या काळात माझी सुपर कॉनी अर्धी झाली. कुरिअरवाल्यांनी खोका असा आपटलाय की मधली शेपटी दोन तुकड्यांत आली, पिन घालून चिकटवली, आता सांधा दिसत नाही. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यावर डकोटा ठेवलं होतं, मावळ्यांच्या मागे. शेजारची आजी म्हणाली छान आहे, महाराजांना लवकर जाता येईल.

लोहगावकर, आबांना विचारा ना, धुराचे डाग कुठे आणि कोणत्या रंगाचे दाखवू? फोटो सगळे काळे-पांढरे मिळतात.

ओझरवाला

आम्ही सगळे वाट बघतोय. प्रवासाला शुभेच्छा.

लोहगावकर (धागाकर्ता)

जाऊन आलो. चार दिवस झाले, लिहायला जमत नव्हतं.

गाडीत आबा रात्री दोनदा उठले. दुसऱ्यांदा उठले तेव्हा दूधसागरच्या घाटात गाडी अगदी हळू उतरत होती, उतारावर इंजिन गाडी रोखून धरत होतं, खिडकीला कान लावून म्हणाले “लोड घेतंय, चांगलं आहे,” आणि झोपले. बंडल उशाशी होतं, सोनेगावभाऊ, तुमचा सल्ला.

बाबल स्टेशनवर उभा होता. त्याच्या आईने आबांना पहिल्या भेटीत ‘बाबा’ म्हटलं आणि नाचणीची पेज दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय. आत शिरल्यावर आबा जरा गोंधळलेले होते, सीलँड, सी हॉक, कशाकडेच बघेनात, मला विचारत होते आपण कोणाकडे आलोय. मला वाटलं झालं, चूक केली एवढं लांब आणून.

मग वळल्यावर ती दिसली. आबा थांबले. माझा हात सोडला. चपला काढल्या. मला वाटलं नमस्कार करतायत, मीही काढल्या, तर माझ्याकडे बघून खेकसले, “तू काय बघतोस, पंखावर चपला घालून जायचं असतं का?” पंखावर जायचं नव्हतंच, पण आता त्यांना कोण सांगणार. अनवाणी सावकाश एक पूर्ण फेरी मारली, नाकापासून, उजव्या बाजूने, शेपटीकडून परत. तपासणीची फेरी होती ती. मध्येच तीन शेपट्यांकडे बोट दाखवून बाबलला म्हणाले, एकच उंच केली असती तर हँगरमध्ये मावली नसती, म्हणून तीन. मग तीन नंबरच्या इंजिनाखाली उभे राहून वर बघत बसले, आणि बोलायला लागले. सिलिंडरची ओळ पुढची नऊ, मागची नऊ. जळालेला वायू वाया जाऊ नये म्हणून इंजिनाला तीन टर्बाइन, तो जोर परत शाफ्टला. रात्री रनअपला, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून बघताना, त्या नळ्यांमधून निळी ज्योत, पिवळी दिसली की मिश्रण चुकलं. कोणता प्लग हाताला यायचा नाही आणि त्यासाठी पाना कसा वाकवून घेतला होता. कोणाचा अंगठा गेला. पहाटे चारला टॉर्च दातात धरून काम करताना कोण अभंग म्हणायचं.

ड्यूटीवरचा नौदलाचा एक मुलगा आला, बावीस-तेविसचा असेल, ‘काका हात नका लावू’ असं सांगायला आला होता. पाच मिनिटं ऐकत उभा राहिला आणि जाऊन खुर्ची घेऊन आला, मग आणखी दोघांना बोलावून आणलं. मी मराठीतून हिंदी करत होतो, मग आबाच हिंदीत बोलायला लागले, पंजाबी ढंगाची, हवाईदलातली, मी ती चाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

पुढच्या चाकाच्या दांड्यापाशी एक बोल्ट होता, लॉकवायर बांधलेला. आबा वाकले, बोटाने पीळ चाचपला, दिशा बघितली. “बरोबर आहे,” म्हणाले. त्या मुलाने विचारलं, काका ही तुम्ही बांधली असेल का? आबा म्हणाले, “नाही. माझा पीळ जास्त दाट असतो. पण ज्याने बांधलीय तो शिकलेला आहे.” ही विमानं १९७६ मध्ये नौदलाकडे गेली, तेव्हा असेल कोणी नौदलातला फिटर.

एअर इंडियात असताना या विमानाचं नाव ‘रानी ऑफ एलोरा’ होतं, वेरूळची राणी. आबांना ते माहीत होतं, मला नव्हतं.

संध्याकाळी बाबलच्या अंगणात विचारलं, आबा आज कुठे गेलो होतो? म्हणाले, “आज ड्यूटी होती ना.” एवढंच आठवत होतं. रेकॉर्डिंग ४७ मिनिटांचं झालंय, रोज थोडं थोडं टाइप करतोय, इथेच टाकेन.

सोनेगाव_नागपूर

काही लिहिता येत नाही भाऊ. काकांचं पण रेकॉर्ड केलं परवा, तासभर बोलले. डकोटाचा रंग त्यांना आठवत नाही पण आजोबांच्या डब्यात काय असायचं ते सगळं आठवते.

केंब्रिजची_सई

ऑफिसात वाचलं, चूक केली. माझ्या टायगर मॉथवाल्या आजोबांना शनिवारी इंग्रजीत सांगितलं सगळं. त्यांनी विचारलंय की आबा तारेला इंचाला किती पीळ घालायचे.

लोहगावकर (धागाकर्ता)

सई, आत्ता विचारलं. उत्तर शब्दांत मिळालं नाही, पक्कड मागितली आणि बांधूनच दाखवली, बाल्कनीच्या दांडीवर जुन्या तारेच्या शेजारी. मी पट्टी लावून मोजलं, इंचाला आठ. फोटो टाकतो.

बहात्तरावा_भाग, तुमचा प्रश्न पण विचारला. आबा म्हणतात, इंजिनाच्या मागे पंखावर जो पट्टा येतो तो नुसता काळा करू नका, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. आणि चारही इंजिनांचे डाग सारखे नकोत.

बहात्तरावा_भाग

सारखे नकोत म्हणजे? कोणत्या इंजिनाचा जास्त दाखवू?

लोहगावकर (धागाकर्ता)

तीन नंबर. “ते तेल जास्त प्यायचं,” म्हणतात.